त्साइडलर (आडनाव)

त्साइडलर हे जर्मन भाषेतील एक व्यवसायवाचक आडनाव आहे. मध्ययुगात अरण्यातील वृक्षांवर मधमाश्या पाळून मध व मेण गोळा करणाऱ्यास त्साइडलर म्हणत. म्युलर (गिरणीवाला) किंवा श्मिट (लोहार) यांच्या तुलनेने हे आडनाव विरळ आहे.

व्युत्पत्ती

हा शब्द मध्ययुगीन उच्च जर्मनमधील 'त्सीडेलेर' या रूपावरून आला. पोळी कापून मध काढणे या अर्थाचे 'त्साइडेल्न' हे क्रियापदही त्याच कुळातील आहे. आधुनिक जर्मनमध्ये मधमाशीपालकास 'इम्कर' म्हणतात. त्यामुळे आपल्या आडनावाचा मूळ अर्थ आज अनेक जर्मनांनाही चटकन उमगत नाही. उच्चारात जवळचे असलेले 'झाइडेल' हे आडनाव मात्र बहुतांशी झीगफ्रीड या व्यक्तिनामाच्या लघुरूपापासून बनले असून त्याचा मधाशी संबंध नाही. याउलट, पोकळ ओंडक्याच्या पोळेघरास 'बॉइट' म्हणत, आणि त्यावरून आलेले 'बॉइटनर' हे आडनाव अर्थाने त्साइडलरचे सख्खे भावंड ठरते.

व्यवसाय व हक्क

कोशांतून या नावाचा अर्थ पुष्कळदा केवळ 'मधमाशीपालक' असा दिला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. इम्कर आपल्या अंगणात पेट्या वा टोपल्या ठेवतो. त्साइडलर जिवंत, जुन्या झाडाच्या खोडात जमिनीपासून बऱ्याच उंचीवर ढोली कोरून तिचे तोंड फळीने झाकत असे. वाऱ्याने झाड मोडू नये म्हणून त्याचा शेंडाही छाटला जाई. झाड व जमीन अरण्याच्या मालकाची असे. त्साइडलरकडे असे तो मध काढण्याचा हक्क, आणि त्या हक्काच्या बदल्यात त्याला मधाच्या वा पैशाच्या रूपाने कर द्यावा लागे. म्हणजे हे नाव धंद्याइतकेच दर्जाचेही निदर्शक होते.

न्युर्नबर्गभोवतालचे राजअरण्य या व्यवसायाचे प्रसिद्ध केंद्र होते. त्याला 'साम्राज्याची मधमाश्यांची बाग' म्हटले जाई. राजा चौथा कार्ल (पुढे पवित्र रोमन सम्राट) याने १३५० मध्ये तेथील त्साइडलरांच्या विशेषाधिकारांना सनद दिली. त्यांना क्रॉसबो बाळगण्याचा अधिकार होता, त्याबरोबरच राजासाठी शस्त्र घेऊन जाण्याचे कर्तव्यही होते. त्यांचे तंटे फॉइख्ट येथील त्यांच्या स्वतंत्र न्यायालयात चालत. याच गावी आज या व्यवसायाचे संग्रहालय आहे. न्युर्नबर्गच्या मसालेदार लेबकुखेन या गोड पदार्थाची ख्यातीही जवळच मिळणाऱ्या या मधाशी जोडली जाते.

स्वस्त साखर आली, धर्मसुधारणेनंतर चर्चमधील मेणबत्त्यांची मागणी घटली आणि अरण्ये लाकडासाठी राखली जाऊ लागली. व्यवसाय लोपला, आडनाव उरले. पोलंड व बेलारूसमध्ये मात्र वृक्षांवरील मधमाशीपालनाची परंपरा टिकून असून २०२० मध्ये युनेस्कोने तिची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. 'बार्टनिक' हे पोलिश आडनाव त्याच व्यवसायाचे आहे.

उल्लेखनीय व्यक्ती

फ्रँक त्साइडलर (अमेरिकी उच्चार झाइडलर) हे १९४८ ते १९६० या काळात अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे समाजवादी महापौर होते. एबरहार्ड त्साइडलर या नावाचे एक जर्मन गणितज्ञ व एक कॅनडातील वास्तुविशारद असे दोघे प्रसिद्ध असल्याने त्यांची गल्लत होऊ शकते. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ ओथमार त्साइडलर यांनी १८७४ मध्ये डीडीटी हे संयुग प्रथम तयार केले. त्याचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला. मधमाश्यांनाही मारक ठरणाऱ्या या द्रव्याचा पहिला निर्माता आडनावाने मधमाश्यांचा राखणदार होता, हा निव्वळ योगायोग.