ठराव आणि अंमल : महाडच्या म्युनिसिपालिटीचें एक पान

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. महाडचें नांव घेतलें तर रायगडाचें सान्निध्य आठवतें, सावित्रीच्या खाडींतून चालणारा जुना व्यापार आठवतो. परंतु त्याच गांवच्या म्युनिसिपालिटीच्या सभांचीं टिपणें हाहि इतिहासच आहे असें कोणीं म्हटलें, तर ऐकणारा बहुधा हंसून विषय बदलील. वर्गांत स्थानिक स्वराज्याचा विषय निघाला कीं "गटारें, कंदील आणि घरपट्टी यांत इतिहास तो कसला?" असा प्रश्न कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच. प्रश्न प्रामाणिक असतो. आणि जुनीं प्रोसीडिंग-बुकें चाळण्याचा ज्यास प्रसंग आला असेल, त्याला तो अगदींच अस्थानीं वाटणार नाहीं. पानामागून पानें उलटावीं, तों कोठें ओटा पुढें घेण्याची परवानगी, कोठें दिवाबत्तीचा मक्ता, कोठें एखाद्या शिपायाची रजा! अशा या रुक्ष कारभारांत माणसाच्या मानापमानाचा प्रश्न कसा दडून बसलेला असतो हें दाखविण्यासाठीं महाडच्या एका ठरावाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही संस्था कशी उभी राहिली तें थोडक्यांत पाहूं. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें, गांवच्या रहिवाशांची इच्छा असल्यास तेथें म्युनिसिपालिटी स्थापण्याची सोय केली, आणि मुंबई इलाख्यानें तिचा लाभ इतर प्रांतांपेक्षां अधिक उत्साहानें घेतला. तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील महाडची म्युनिसिपालिटी १८६६ सालची. पुढें १८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें आपला प्रसिद्ध ठराव काढला. स्थानिक संस्थांकडे लोकांच्या राजकीय शिक्षणाचें साधन म्हणून पाहावें, हें त्याचें मुख्य सूत्र होतें. १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत लोकनियुक्त सभासदांना अधिक वाव मिळाला, आणि १९०१ च्या डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल अ‍ॅक्टानें कारभाराची चौकट पक्की केली. रस्ते झाडणें, दिवे लावणें, आग विझविणें, गटारें बांधणें, जन्ममृत्यूची नोंद ठेवणें, देवी टोंचण्याची व्यवस्था करणें आणि पिण्याच्या पाण्याची तजवीज पाहणें, हीं कामें म्युनिसिपालिटीचीं कर्तव्यें ठरलीं. मताचा हक्क मात्र मिळकत आणि कर यांच्याशीं बांधलेला राहिला. अर्थात् ज्याच्याजवळ ना घर ना जमीन, त्याचा आवाज सभागृहापर्यंत पोंचण्यास वाट नव्हती. लोकशिक्षणाची शाळा उघडली खरी. पण तिच्या पटावर नांवें कोणाचीं, हा प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं.

या कायद्यांत वरवर पाहतां निर्जीव वाटणारी एक तरतूद होती. सार्वजनिक रस्ते, गटारें, विहिरी, तळीं यांची मालकी व देखरेख तिनें म्युनिसिपालिटीच्या स्वाधीन केली. या तरतुदीचें महत्त्व सहज ध्यानांत येत नाहीं. ‘गांवचें तळें’ असें आपण म्हणतों, तेव्हां गांव म्हणजे कोण हें रूढि ठरविते, आणि महारवाडा त्या गांवांत धरावयाचा कीं नाहीं याचाहि निवाडा तीच करते. परंतु तेंच तळें म्युनिसिपालिटीचें झालें कीं तें कायद्यानें निर्माण केलेल्या एका संस्थेची मालमत्ता होतें, आणि त्याचा उपयोग कोणीं करावा हा प्रश्न रूढीच्या हातून निसटून कायद्यापुढें येऊन उभा राहतो. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. त्या कृत्याची थोरवी कोणासहि नाकारतां येणार नाहीं. तथापि घरच्या हौदाचा मालक एक असतो, आणि त्याचें मन मोठें असलें म्हणजे काम होतें. सार्वजनिक तळें एकट्याच्या औदार्यानें खुलें होत नाहीं. त्यासाठीं सभा भरावी लागते, सूचना मांडावी लागते, आणि बहुमतानें ठराव व्हावा लागतो.

महाडच्या परिसरांत हा प्रश्न अगदींच नवा नव्हता. लष्करांत नोकरी करून आलेलीं महार कुटुंबें या भागांत पुष्कळ होतीं, आणि जग पाहून आलेला माणूस गांवकीची शिवाशीव पूर्वींच्या मुकाट्यानें सोशीत नाहीं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे अशांपैकींच एक. १८९५ सालीं त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हां सवर्ण सभासदांना ती मुळींच रुचली नाहीं. एका निवृत्त हवालदारानें बोर्डाच्या बैठकींत बसावें एवढ्यानेंच जेथें खळबळ उडाली, तेथें तळ्यावरच्या पाण्याची गोष्ट किती अवघड असेल याची वाचकांनींच कल्पना करावी.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी पैशानें बांधलेले किंवा राखलेले, अथवा सरकारनें नेमलेल्या वा कायद्यानें स्थापिलेल्या संस्थांच्या देखरेखीखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांस खुले असावे, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबरला सरकारनें आपल्या खात्यांस त्याप्रमाणें वागण्याविषयीं लिहिलें. पुढचें पाऊल स्थानिक संस्थांचें होतें. महाडच्या म्युनिसिपालिटीनें तें लौकरच उचललें. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तेव्हां तिचे अध्यक्ष होते. ५ जानेवारी १९२४ रोजीं तिनें आपल्या ताब्यांतील चवदार तळें अस्पृश्यांस खुलें केल्याचा ठराव केला. त्या काळच्या मानानें ही मोठीच गोष्ट होती, आणि तिचें श्रेय त्या सभेस दिलेंच पाहिजे.

परंतु येथून पुढें तीन वर्षांहून अधिक काळ कांहींहि घडलें नाहीं. ठराव होता, अंमल नव्हता. सवर्ण वस्तीनें चहूंकडून वेढलेल्या त्या तळ्यावर जाण्यास कोणी धजला नाहीं, आणि ज्यानें धजावें त्याच्या पाठीशीं कोणी उभें राहील असा भरंवसाहि नव्हता. ठराव संमत होण्यास सभागृहांत हात वर करावे लागतात. त्याचा अंमल होण्यास शेजाऱ्याचा रोष पत्करावा लागतो, आणि लहान गांवांत शेजारी हाच मतदार, तोच दुकानदार आणि तोच सोयरा असतो. मोठ्या शहरांतील अधिकाऱ्याला गर्दींत लपतां येतें, लहान गांवच्या सभासदाला लपावयास जागा नसते. ही अडचण खरी आहे, तिचा उपहास करूं नये. पण अडचण खरी असली म्हणून तहान खोटी ठरत नाहीं. असा अनुभव एकट्या महाडचाच नसावा; कारण ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोले यांना कौन्सिलांत दुसरा ठराव आणावा लागला, आणि जीं म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें पहिल्या ठरावाप्रमाणें वागणार नाहींत त्यांस सरकारनें ग्रँट देऊं नये अशी शिफारस त्यांत करावी लागली.

१९ व २० मार्च १९२७ या दिवशीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि स्वतः टिपणीस यांचे परिश्रम परिषदेच्या पाठीशीं होते. या परिषदेच्या हकीकतींत एक लहानसा तपशील येतो, आणि मला तो भाषणांइतकाच बोलका वाटतो. जमलेल्या लोकांना पिण्यासाठीं चाळीस रुपयांचें पाणी सवर्णांकडून विकत घ्यावें लागलें. ज्या गांवच्या दप्तरांत तळें सर्वांस खुलें असल्याची नोंद होती, त्याच गांवांत हजारों माणसें पैसे मोजून पाणी पीत होतीं! दप्तर आणि रस्ता यांच्यामधलें अंतर याहून नेमकें मोजतां येणार नाहीं. २० तारखेस परिषद मिरवणुकीनें चवदार तळ्यावर गेली, आणि आंबेडकरांनीं व त्यांच्या मागोमाग इतरांनीं तेथील पाणी प्राशन केलें. तीन वर्षें कागदावर पडून राहिलेल्या ठरावाचा अंमल अशा रीतीनें त्याच्या लाभधारकांनींच केला. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनीं हल्ले झाले, आणि तळ्याची एकशें आठ घागरी पंचगव्यानें शुद्धि करण्यांत आली.

आतां म्युनिसिपालिटीपुढें दोनच मार्ग उरले : ठरावास जागणें, किंवा तो मागें घेणें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं तिनें १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव संमत झाल्यास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें झालीं होतीं. सभा रीतसर होती, नोंदहि रीतसर झाली असेल. रीतसर अन्यायाचें हें उदाहरण विद्यार्थ्यांनीं पाठ करण्यासारखें आहे. कारण कार्यपद्धति निर्दोष असली कीं निर्णयहि निर्दोषच असला पाहिजे, अशी एक भाबडी समजूत आपल्यांत घर करून बसलेली असते. तथापि या रद्द करण्यानें एक उलट परिणामहि झाला. जो हक्क मुळांत नव्हताच तो कोणी काढून घेत नाहीं. ठराव मागें घेऊन म्युनिसिपालिटीनें, तळें खुलें करणें वा न करणें आपल्या हातीं आहे, म्हणजेच तें सार्वजनिक आहे, ही गोष्ट जणूं स्वतःच्या सहीनें मान्य केली.

आंबेडकरांनीं डिसेंबरांत सत्याग्रहाची घोषणा केली, तेव्हां सवर्ण पक्षानें कोर्टाची वाट धरली. १२ डिसेंबर १९२७ रोजीं दावा दाखल झाला, आणि १४ तारखेस तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. २५ व २६ डिसेंबरच्या परिषदेंत आंबेडकरांनीं त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशीं केली. परंतु कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाण्याचें तहकूब ठेवलें. पुढें दावा रेंगाळत गेला. महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ रोजीं लागला, ठाण्याच्या अपिलांतहि वादींना यश आलें नाहीं, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें शेवटचा शब्द उच्चारला. वादींचें म्हणणें असें होतें कीं तळें खाजगी स्वरूपाचें असून अस्पृश्यांस तेथें मज्जाव करण्याची वहिवाट पुरातन आहे. तळें म्युनिसिपालिटीचें ठरलें, आणि पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाहीं असें न्यायमूर्ति ब्रूमफील्ड यांनीं सांगितलें. अस्पृश्य तेथें पूर्वीं पाणी भरीत नसत एवढ्यावरून त्यांना वगळण्याचा कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाहीं, हा त्यांतील मर्माचा मुद्दा. ज्या कोरड्या तरतुदीनें तळीं आणि विहिरी म्युनिसिपालिटीच्या स्वाधीन केल्या, ती शेवटीं अशी उपयोगी पडली.

या हकीकतीचा शेवट हायकोर्टांत होत नाहीं. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेचें पंधरावें कलम वाचावें. राज्याच्या पैशानें सर्वस्वीं वा अंशतः राखलेल्या, किंवा सर्व जनतेच्या उपयोगासाठीं दिलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासहि प्रतिबंध होणार नाहीं, असें तें सांगतें. जिज्ञासू वाचकानें हें कलम बोले यांच्या ठरावाशेजारीं ठेवून पाहावें. दोहोंचें नातें त्याला सांगावें लागणार नाहीं. मसुदासमितीच्या अध्यक्षांस हे शब्द पुस्तकांतूनच ठाऊक होते असें नव्हे. याच अध्यक्षांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत ग्रामसंस्थांच्या गौरवगीतांवर कठोर टीका केली, तेव्हां अनेकांस ती टोंचली. पण गांवकारभार गांवाच्या हातीं द्यावा हें सूत्र कितीहि गोड असलें, तरी ‘गांव’ या शब्दांत कोण कोण मोडतें हा प्रश्न महाडनें एकदां विचारून ठेवला होता, आणि त्याला बगल देऊन पुढें जाणें शक्य नव्हतें. १ जून १९९३ पासून अंमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांत अनुसूचित जातींसाठीं जागा राखून ठेवल्या. १८६६ पासून ज्या पटावर कांहीं नांवें नव्हतीं, तो पट असा उशिरानें दुरुस्त झाला.

मग ठराव म्हणजे पोकळ कागदच काय? १९२४ पासून १९२७ पर्यंतचीं वर्षें पाहिलीं तर तसें म्हणण्याचा मोह होतो. परंतु मला तें खरें वाटत नाहीं. ठराव नसता तर तळ्यावर गेलेल्या लोकांना आगंतुक ठरविणें सोपें गेलें असतें. ठराव झाल्यामुळें ते आपल्या नांवावर लिहिलेली वस्तु घेण्यास गेले होते. कागद पाणी देत नाहीं हें खरें. पण पाणी अडविणाऱ्याला तो उत्तरदायी करतो. उरलेलें काम माणसांनीं करावयाचें असतें, आणि तें महाडास ज्यांनीं केलें त्यांना सभागृहांत आसनहि नव्हतें. गटारें, कंदील आणि घरपट्टी यांत इतिहास तो कसला, असें पुढच्या वर्षींहि कोणी विद्यार्थी मला विचारीलच. त्याला मी त्याच्या गांवच्या नगरपालिकेचें जुनें दप्तर पाहून येण्यास सांगणार आहें. कोणते ठराव झाले तें त्यानें टिपून घ्यावें, आणि मग प्रत्येकापुढें त्याचा अंमल केव्हां झाला हें लिहिण्याचा प्रयत्न करावा. दुसरा रकाना भरतांना त्याला जें दिसेल, तो त्याच्या गांवचा इतिहास.