माळ आणि बळद

आमच्या धाराशिवकडच्या गावात घरोघरी तुळशीची माळ. माळ घातली की बकरं-कोंबडं बंद, एकादशी मोडायची नाही, आषाढीची वारी चुकवायची नाही. आजोबा तर चुलीत लाकूड सारण्याआधी ते जमिनीवर आपटायचे. आत मुंग्या असल्या तर निघून जाव्यात म्हणून.

त्याच गावात १९४८च्या सप्टेंबरात माणसं मारली गेली. आमच्या घरात हे सांगितलं ते फक्त आजीनं.

रझाकाराचा काळ सगळेच सांगत. लातूरचा वकील कासीम रझवी, त्याच्या हाताखालचे, निजामाची बाजू घेणारे हत्यारबंद रझाकार, लुटलेली गावं, जाळलेली घरं. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की आजी लेकींना घेऊन बळदात उतरायची. भिंतीतलं ज्वारी साठवायचं कोठार ते. तोंड जेमतेम माणूस आत जाईल एवढं, आत नाकातोंडात जाणारी धूळ आणि जीव घुसमटवणारा उबारा. एका निरपराधाला मारणं म्हणजे अख्ख्या मानवजातीला मारणं, असं रझाकार ज्याला मानत ते कुराण सांगतं. तरी रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनाही त्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत ठार केलं गेलं.

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून भारताची फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली, १७ला निजाम शरण आला. गाव त्याला ‘ॲक्शन’ म्हणतं. मग सूड सुरू झाला, आणि तो निघाला रझाकारांत कधी न गेलेल्या मुसलमान शेजाऱ्यांवरही. आजीनं पिंजाऱ्याच्या बायकोला पोरांसकट त्याच बळदात उतरवलं आणि तोंडावर पोती रचली. पिंजारी ओढ्याकडं पळाला होता. तो सापडला. मारणाऱ्यांत माळकरी होते.

आजोबा घरातच होते. आजीला त्यांनी अडवलं नाही, पण बाहेर जाऊन कुणाचा हातही धरला नाही. “तो काळच तसा होता,” एवढंच म्हणायचे. मला हे उत्तर कधी पटलं नाही. कुऱ्हाडी काळानं उचलल्या नव्हत्या, ओळखीच्या माणसांनी उचलल्या होत्या. माळेची शपथ त्यांनी ताटापुरती मनापासून पाळली होती. शेजाऱ्याचा जीवही तिच्यात येतो, हे त्यांना त्या दिवशी सोयीचं नव्हतं.

नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आणि नांदेड होते. जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद समितीनं केली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

दर १७ सप्टेंबरला गावात झेंडावंदन होतं, रझाकारांशी लढताना गेलेल्यांची नावं वाचली जातात. ती वाचलीच पाहिजेत. त्यांच्यानंतर पिंजाऱ्याचंही नाव घ्या, असं मी गावकऱ्यांना सांगत आलोय. त्याची नात गावातच राहते, आणि त्या दिवशी यायची तिची तयारी आहे.