एका पटलाखालीं दोन शत्रु

रोगकारक सूक्ष्म जीवांशीं मनुष्यानें दिलेल्या लढ्याचा इतिहास आपण बहुधा एकेका औषधाच्या नांवानें सांगतों. परंतु हे जीव शरीरांत पुष्कळदां समूहानें राहतात, हें ध्यानांत घेतल्यावांचून तो इतिहास पुरा होत नाहीं.

हा समूह प्रथम पाहिला तो हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लेवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें. १६८३ सालीं त्यानें आपल्याच दांतांवरील कीट स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं धरलें, तों त्यांत नानाविध जीव वळवळतांना दिसले. पुढें त्याला असेंही आढळलें कीं, शिरक्यानें दांत धुतले असतां किटाच्या बाहेरील अंगाचे जीव तेवढे मरतात. आंतल्यांना धक्काही लागत नाहीं.

१९२८ सालीं फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला व पुढें जंतूंवर मोठाच विजय मिळाला. पण प्रतिजैविकें घेणाऱ्या कित्येक रोग्यांच्या तोंडांत कँडिडा नांवाची बुरशी माजूं लागली. कारण तिला आवरून धरणारे निरुपद्रवी जंतुही त्या औषधांनीं नाहींसे होत. या बुरशीवरील नायस्टॅटिन हें औषध एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन या दोन अमेरिकन विदुषींनीं १९५० मध्यें जाहीर केलें. एकीनें न्यूयॉर्क शहरांत मातींतील सूक्ष्म जीव वाढवावे, दुसरीनें ऑल्बनी येथें त्यांतील औषधी द्रव्य वेगळें काढावें, आणि नमुन्यांची ने-आण टपालानें व्हावी, असा त्यांचा क्रम होता.

दोन शत्रूंवर दोन शस्त्रें हातीं आलीं, तरी काम भागलें नाहीं. ग्लासगो विद्यापीठांतील ज्यूलिया डग्लस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कँडिडा बुरशी आणि स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हे जंतु एकत्र वाढविले. असे जीव आपल्याच चिकट द्रव्यानें एक सामाईक पटल रचतात. त्यास बायोफिल्म म्हणतात. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत दिसून आलें कीं, जंतूंच्या चिकट द्रव्यामुळें फ्लुकोनाझोल हें बुरशीवरील औषध आंत शिरण्यास अडथळा होतो. उलट बुरशीच्या आश्रयानें, असें द्रव्य न करणारे जंतुही व्हॅन्कोमायसिनपासून बचावतात.

म्हणून मिश्र पटलावर दोन्ही प्रकारचीं औषधें जोडीनें योजण्याचा विचार पुढें आला. तथापि ही जोडी रामबाण नव्हे. औषधें वाढलीं कीं त्यांचे दुष्परिणामही वाढतात. आणि पटल शिरेंत घातलेल्या नळीवर असेल, तर पुष्कळदां ती नळीच काढावी लागते. परंतु या साऱ्याच्या आधीं दोन्ही शत्रु ओळखले गेले पाहिजेत. एकाच जंतूचें नांव घेऊन आलेला तपासणीचा अहवाल रोग्याची सारी हकीकत सांगतोच, असें नाहीं.