अंगणात दिसलेला तो पक्षी हमिंगबर्ड असतो का? आणि त्याला साखरपाणी ठेवावं का?

जास्वंदीच्या फुलापुढे पंख फडफडवणारा, निळा-काळा चमकणारा चिमुकला पक्षी. मोबाइलवर असा व्हिडिओ आला की खाली हमखास लिहिलेलं असतं, ‘आमच्या अंगणात हमिंगबर्ड!’ त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला: परदेशात टांगतात तशी साखरपाण्याची बाटली इथेही टांगली तर?

भारतात हमिंगबर्ड आहे का?

नाही. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या फक्त उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आढळतात. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे जीवाश्म जर्मनीत सापडले आहेत. पण आज अमेरिकेबाहेर हा पक्षी रानात कुठेही नाही.

मग दिसतो तो कोण?

बहुतेक वेळा तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी असतो. इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या कमी पावसाच्या गावातही जांभळा शिंजीर बाभळी, बोरी आणि घराजवळच्या फुलझाडांवर सहज दिसतो. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर, चोच बाकदार. विणीच्या काळात नर लांबून काळाच वाटतो. ऊन पडलं की जांभळा-निळा झळकतो. मादी वरून मातकट, खालून पिवळसर. वीण संपल्यावर नरही मादीसारखा दिसू लागतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा राहतो.

हमिंगबर्ड आणि शिंजीर यांचं जवळचं नातं नाही. दोघंही फुलातला मध पितात, म्हणून लांब चोच आणि नळीसारखी जीभ दोघांमध्ये स्वतंत्रपणे विकसित झाली. फरक ओळखायला सोपा आहे. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो, उलटाही उडतो. शिंजीर क्षणभर तरंगतो, पण शक्यतो फांदीवर बसूनच पितो. मोठ्या फुलात चोच पोचली नाही, तर देठाजवळ भोक पाडून मध काढतो.

संध्याकाळी फुलांवर भिरभिरणाऱ्या ‘हमिंगबर्ड’ला सहा पाय आणि डोक्यावर दोन मिशा दिसल्या, तर तो पक्षी नव्हे, हॉक मॉथ नावाचा पतंग आहे.

साखरपाणी ठेवावं का?

गरज नाही. शिंजीर फक्त मधावर जगत नाही. तो कोळी आणि किडेही खातो. पिल्लांना तर मुख्यतः किडेच भरवले जातात, कारण वाढीसाठी प्रथिनं लागतात. ती साखरेत नसतात.

तरीही ठेवायचंच असेल, तर अमेरिकेत हमिंगबर्डसाठी पाळतात तेच नियम पाळावेत: एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. मध, गूळ किंवा रंग घालू नये. बाटली सावलीत टांगावी. एप्रिल-मेच्या उन्हात हे पाणी लवकर आंबतं, म्हणून ते रोज बदलावं आणि बाटली गरम पाण्याने घासावी. एवढं जमणार नसेल, तर बाटली न टांगलेलीच बरी.

त्यापेक्षा काय करता येईल?

• झाडं लावा. शेवगा, हादगा, पांगारा, अडुळसा, जास्वंद, डाळिंब. बांधावरची रुई आणि पळस तोडू नका. शेवगा आणि रुई कमी पाण्यावरही तगतात.

• फवारणी जपून करा. परसातल्या फुलझाडांवर कीटकनाशक मारलं, की पिल्लांचं अन्नच जातं.

• पाणी ठेवा. उन्हाळ्यात उथळ परळात साधं पाणी, मांजर पोचणार नाही अशा जागी.

• आरसा झाका. विणीच्या काळात नर मोटारसायकलच्या आरशातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाला शत्रू समजून टोचत राहतो आणि दमून जातो. आरशावर कापडी पिशवी चढवली की काम झालं.

कचरा समजून घरटं काढू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. शिंजिराचं घरटं म्हणजे कोळ्याच्या जाळ्यात गुंफलेलं गवत, सालीचे तुकडे आणि वाळकी पानं. दिसतं लोंबणाऱ्या जळमटासारखं. ते अनेकदा ओसरीतल्या तारेला किंवा दाराजवळच्या वेलीला असतं आणि झाडलोटीत निघून जातं. काढण्याआधी बाजूला छोटं दार आणि त्यावर छज्जा आहे का, ते पाहा. आत बहुतेक वेळा दोन अंडी असतात आणि ती मादी एकटीच उबवते. पिल्लं बाहेर पडायला साधारण महिना लागतो. तेवढे दिवस तो कोपरा झाडू नका, आणि फोटोसाठी घरट्याच्या तोंडाशी मोबाइल नेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानपक्षी पकडणं किंवा त्यांची अंडी-घरटी मोडणं गुन्हा आहे.

पाहायचा कसा?

सकाळी ऊन चढण्याआधी फुललेल्या झाडापासून आठ-दहा पावलांवर शांत बसावं. आधी बारीक, तीक्ष्ण ‘च्वीट-च्वीट’ ऐकू येते. मग पक्षी दिसतो. आणि पुढच्या वेळी कुणी ‘हमिंगबर्ड’चा व्हिडिओ पाठवला, तर त्याला शिंजीर हे नाव जरूर सांगा.