लाख, लॅकर आणि पळसाची फांदी

जपानी लॅकरकामाविषयी मराठीत लिहू गेल्यास पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘लॅकर’ हा शब्द पोर्तुगीजांकरवी युरोपात पोहोचला. त्याचे मूळ आपल्या ‘लाखे’त, म्हणजे संस्कृत ‘लाक्षा’त आहे. जपानी कामाचा आधार मात्र लाख नव्हे. तो उरुशी वृक्षाचा चीक. दमट हवेतच तो घट्ट होतो. आपली लाख हा एका सूक्ष्म किडीचा स्राव. ती उष्णतेने मऊ होते, गार होताच कडक. नाव आपले आणि वस्तू त्यांची, असा हा प्रकार आहे.

त्या वस्तूंतील निसर्ग बहुधा साहित्यातून आलेला असतो. ओगाता कोरिन याच्या अठराव्या शतकातील दौतपेटीवर आयरिसची फुले शिंपल्याची आणि पूल शिशाचा आहे. माणूस कोठेच नाही. ‘इसे मोनोगातारी’ वाचलेल्याला त्या पुलाशी थांबून काव्य रचणारा प्रवासी आपोआप आठवतो. चित्र अर्धे आणि वाचकाची स्मृती अर्धी, ही रीत आम्हांला फार मोलाची वाटते.

आपल्याकडेही लाख साहित्यात आहेच. अथर्ववेदात तिच्यावर सूक्त आहे, महाभारतात लाक्षागृह आहे, आणि कालिदासाच्या शकुंतलेला पायांसाठी लाक्षारस एक वृक्षच देतो. मात्र ज्या फांदीवर ती धरते, त्या फांदीकडे आमच्या समीक्षेने क्वचितच पाहिले आहे.

ती फांदी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात आजही आहे. (१९८२पर्यंत हा एकच जिल्हा होता.) येथे लाख प्रामुख्याने पळस आणि कुसुम, म्हणजे कोशिंब, या झाडांवर येते. फाल्गुनात कवीला पळसाची फुले दिसतात. लाख घेणारा त्याच वेळी कोवळ्या काड्यांवरचा किडीचा थर पाहत असतो. पुढे काड्या तोडायच्या, थर खरवडायचा, थोड्या काड्या बियाण्यासाठी राखून दुसऱ्या झाडांना बांधायच्या. सगळेच खरवडले तर पुढचे पीक बुडाले. हेही कौशल्यच आहे. त्याला कला म्हणण्याची आपल्याला सवय नाही, इतकेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि लाखेच्या रंगाची मागणी ओसरली. राळ टिकली. सुताराची चपडी तीच, आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतही तीच. बालगंधर्वांचा आवाज आपल्या आजोबांनी ऐकला तो लाखेतून, हे नाट्यसंगीताच्या इतिहासात सहसा कोणी नोंदवीत नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या करताना बांबू, मध, मेण, तेंदूपाने यांच्याबरोबर लाखेचेही नाव घातले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतरची चर्चा बहुतेक बांबूभोवतीच फिरली. लाख त्याच यादीत आहे.