‘हम लोग’मधली भगवंती आणि चार लाख पत्रं



गटाची बैठक ठरवताना आम्ही हल्ली आधी मालिकेची वेळ विचारतो. सातनंतरची बैठक ठेवली की निम्म्या बाया येत नाहीत, आणि आलेल्या निम्म्या घड्याळाकडे बघत बसतात. यावरून आम्ही कुणाला बोलत नाही, कारण आम्हीही बघतो. पण या मालिका आपल्या घरात आल्या कुठून, त्या कुणी आणल्या आणि कशासाठी आणल्या, हे मात्र आपल्याला माहीत असायला हवं. सासू-सुनेच्या भांडणासाठी त्या आणल्या नव्हत्या. त्यांची सुरुवात एका शिलाई मशीनपासून होते.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथे १९६९ साली टीव्हीवर ‘सिंपलमेंते मारिया’ ही मालिका सुरू झाली. मारिया ही खेड्यातून शहरात आलेली पोर. धुणीभांडी करते, फसवली जाते, पदरात मूल येतं. रात्रीच्या वर्गात ती लिहाय-वाचायला शिकते, शिवण शिकते आणि मशीनच्या जोरावर मोठी होते. पुढे तिला शिकवणाऱ्या मास्तरांशीच तिचं लग्न लागतं. या लग्नाचं चित्रीकरण लिमा शहरातल्या एका चर्चमध्ये होतं, तर बाहेर सुमारे दहा हजार माणसं जमली. नटून आली होती, काहींच्या हातात आहेरसुद्धा होता! घरकाम करणाऱ्या मुली शिवणवर्गाला नावं घालू लागल्या आणि सिंगर कंपनीच्या मशीनचा खप वाढला. मशीन घेण्यासाठी बँकेत खेटे घालणाऱ्या आपल्या बायांना यात नवल वाटायचं नाही. ज्यांनी मालिका काढली त्यांना मात्र वाटलं, कारण त्यांनी शिकवायला म्हणून ती काढलीच नव्हती.

मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने हे नीट पाहिलं. नकळत एवढं होतं, तर ठरवून केलं तर काय होईल? त्याने १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर आणि १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर मालिका काढल्या. त्याची रीत साधी होती. एक चांगलं पात्र, एक वाईट पात्र आणि मध्ये एक डळमळणारं पात्र, आपल्यासारखं. डळमळणारं पात्र हळूहळू सुधारतं आणि बघणारा त्याच्याबरोबर चालत जातो.

ही रीत दिल्लीपर्यंत पोचली. माहिती आणि प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी ती उचलून धरली आणि ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. आपल्या देशातली ही पहिली मोठी कौटुंबिक मालिका. आपल्या आयांना आणि सासवांना विचारा, गावात एखाद्या घरी टीव्ही असायचा आणि अंगणात आख्खी आळी बसायची.

गोष्ट एका ओढगस्तीच्या घराची. बसेसर राम हा बाप दारुडा, कामधंदा धड नाही. आई भगवंती मुकाट्याने राबते. फौजेतून निवृत्त झालेले आजोबा आणि सुनेला धारेवर धरणारी आजी. मुलं पाच. लल्लू नोकरी शोधतोय, नन्हेला क्रिकेट खेळायचंय. थोरली बडकी महिलांच्या संस्थेत काम करते, मधली मझली सिनेमाच्या नादाने मुंबईला जाते आणि फसते, धाकट्या छुटकीला डॉक्टर व्हायचंय. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्यासारखे दोन शब्द सांगायचे.

आता पडद्यामागचं. पहिली अडचण अशी की लोकांना मालिका आवडेचना. सरकारला कुटुंबनियोजन शिकवायचं होतं आणि लेखकावर त्याचं ओझं होतं. पहिल्या तेरा भागांत उपदेश इतका होता की बघणारे कंटाळले. आम्हाला हे ओळखीचं वाटतं. वरून आलेला विषय बैठकीत वाचून दाखवला की बायांचे चेहरे कसे होतात, ते कुठल्याही सहयोगिनीला विचारा. मग जोशींनी उपदेश कमी केला. घरातली भांडणं, बाईची अवस्था, हुंडा, दारू हे पुढे आणलं आणि मालिकेने पकड घेतली.

दुसरी गोष्ट पैशाची. दूरदर्शन तोवर सरकारी खर्चावर चालायचं. ‘हम लोग’ला प्रायोजक मिळाला तो मॅगी. दोन मिनिटांत होणाऱ्या त्या शेवया तेव्हा बाजारात नव्या होत्या. मालिका चालली, मॅगी खपली आणि इतर कंपन्यांच्या लक्षात आलं की बाया जिथे डोळे लावून बसतात तिथे माल विकता येतो. आज मालिकेत दर थोड्या वेळाने जाहिरात येते त्याचा रस्ता इथूनच निघाला. शिकवण्यासाठी उघडलेल्या दारातून बाजार आत आला. आम्ही बाजाराच्या विरोधात नाही, आपली लोणची-पापडही विकायचीच आहेत. पण दार कुणी उघडलं होतं, हे लक्षात असावं.

तिसरी गोष्ट बघणाऱ्यांची. जोशी मालिका चालू असतानाच पुढचे भाग लिहीत होते, त्यामुळे लोकांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचायचं आणि गोष्ट वळायची. मालिकेच्या काळात सुमारे चार लाख पत्रं आली असं सांगतात. पोस्टकार्डाच्या जमान्यातली चार लाख पत्रं! आजीला घशाचा कर्करोग होतो असं कथेत होतं आणि ती लवकर जाणार होती. पण सुषमा सेठ यांनी रंगवलेली ती खाष्ट आजी लोकांना इतकी आवडली की तिचं मरण लांबवावं लागलं. (मझलीचं काम करणारी दिव्या सेठ ही सुषमाबाईंची खरी लेक.) बडकीने लग्न करावं की नाही यावर लोक जणू घरातल्या मुलीचं ठरवत असल्यासारखे पत्रं लिहीत होते. तिचं लग्न दाखवलं त्या दिवशी उत्तरेत काही ठिकाणी दुकानं लवकर बंद झाली आणि नवरा-नवरीला शुभेच्छा आल्या. बडकी झालेल्या सीमा भार्गव, म्हणजे आताच्या सीमा पाहवा, तोवर दिल्लीच्या नाटकांत काम करणाऱ्या. बहुतेक कलाकार तसेच होते, लोकांना नावंही ठाऊक नव्हती.

पण आम्हाला आज मुख्यतः सांगायचं आहे ते भगवंतीबद्दल.

जोशींनी भगवंती लिहिली ती इशारा म्हणून. नवरा दारू पितो, सासू टोचते, ही बोलत नाही, आणि म्हणून सगळ्या घराची दशा होते. तिला बघून बाईने म्हणावं, मी अशी राहणार नाही. साबिदोच्या रीतीप्रमाणे ती ‘असं करू नका’ सांगणारी बाई होती.

मालिका १७ डिसेंबर १९८५ला संपली. त्यानंतर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांची पत्रं तपासली आणि दिल्लीचा परिसर, पुणे आणि मद्रास इथे अकराशेहून जास्त लोकांना प्रश्न विचारले. निघालं काय? कित्येकांना, त्यातही बायकांना, भगवंतीच आदर्श वाटली होती. किती सोसते, किती समजूतदार, बाईने असंच असावं! लेखकाने जे टाकायला सांगितलं, ते बघणाऱ्यांनी उचलून घेतलं.

हे का झालं असेल? आमचं मत असं, की भगवंतीला नुसतं वाईट म्हणून कुणी बघूच शकलं नाही. ती आपली आई होती, आपली मावशी होती. तिला चूक म्हणायचं तर आईचं आयुष्य चूक म्हणावं लागतं, आणि ते कुठल्या लेकीला जमतं? शिवाय भगवंतीने तोंड उघडलं असतं तर ती जाणार कुठे होती? तिच्या नावावर खातं नव्हतं, हाताशी चार पैसे नव्हते, बाजूला बसणाऱ्या दहा बाया नव्हत्या. मारियाजवळ निदान मशीन होतं. सोसणारी बाई दाखवून ‘सोसू नका’ म्हणणं सोपं, पण मग काय करायचं हे भगवंतीच्या गोष्टीत दिसत नव्हतं. आजच्या मालिकांत तर सोसणाऱ्या सुनेचाच शेवटी विजय होतो. तिथे इशारासुद्धा उरलेला नाही.

आता आपल्या रेडिओची एक गोष्ट. १९९६-९७ मध्ये आकाशवाणीने हिंदी भागातल्या केंद्रांवरून ‘तिनका तिनका सुख’ नावाची मालिका लावली. तिच्यात हुंड्यापायी छळ झालेली एक नवी सून जीव देते. उत्तर प्रदेशातल्या लुतसान गावात लोकांनी ती ऐकली आणि एका मोठ्या कागदावर आकाशवाणीला पत्र लिहिलं, की आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही. खाली १८४ जणांच्या सह्या आणि अंगठे. अभ्यासक गावात गेले तेव्हा त्यांना दिसलं, की बायका-पोरी गोष्टीवर आपसांत बोलू लागल्या होत्या आणि मुलींच्या शाळेबद्दल गावाचं मन वळत होतं. हुंड्याच्या बाबतीत मात्र सही एक आणि करणं दुसरं, असंही बऱ्याच घरांत होतं. आपल्याला हेही अनोळखी नाही. व्यसनमुक्तीच्या ठरावावर पहिली सही कुणाची असते, ते आपल्याला ठाऊक आहे.

तरी ‘हम लोग’ आणि लुतसान यांत एक फरक आहे. ‘हम लोग’ची चार लाख पत्रं बहुतेक एकेकट्याने लिहिलेली होती, आजीला मारू नका, बडकीचं लग्न लावा अशी. ती गोष्टीला उद्देशून होती. लुतसानच्या कागदावर गावाने आपल्याच गावाबद्दल लिहिलं होतं.

तर हे भाषण ऐकणाऱ्या आणि वाचणाऱ्या गटांना आमची एक विनंती. येत्या बैठकीत वसुली आणि हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा. तुमच्या गावात सध्या सगळ्यात जास्त बघितली जाते ती मालिका घ्या. तिच्यातल्या सुनेच्या नावावर काय काय आहे, घर, शेत, खातं, कमाई, ते सगळ्या मिळून आठवा आणि एका कागदावर लिहून काढा. मग त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला गटातल्या प्रत्येकीच्या नावावर काय आहे ते लिहा. दोन्ही बाजू आम्हाला पाठवा. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात त्या वाचून दाखवू, नावं न घेता.