‘प्रचंड’ म्हणजे किती मोठं?

आज एकच शब्द घेऊ: ‘प्रचंड’. प्रचंड गर्दी, प्रचंड वाडा, प्रचंड खर्च. आपल्याला त्यातून आकार कळतो, प्रमाण कळतं. पण मुळात या शब्दात आकार नव्हताच. संस्कृतात ‘चंड’ म्हणजे उग्र, तापट. देवीचं ‘चंडी’ हे नाव त्यातलंच. बौद्ध कथांमध्ये धर्माकडे वळण्याआधीच्या अशोकाला ‘चंडाशोक’ म्हटलंय, ते त्याच्या क्रौर्यावरून. राज्य मोठं होतं म्हणून नव्हे. ‘प्र’ लागला की तोच उग्रपणा वाढतो.

कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्माच्या पहिल्याच श्लोकात सूर्याला हे विशेषण लावलं आहे. आजच्या मराठी कानाने ऐकलं, तर सूर्य भलामोठा झाला असं वाटेल. कवीला म्हणायचं आहे की तो भाजून काढतो.

मग उग्राचं मोठं कसं झालं? आमचा अंदाज असा, की पूर, वादळ, वणवा यांत जोर आणि पसारा वेगळे काढता येत नाहीत. अशा ठिकाणी शब्द वापरता वापरता जोर मागे पडला, पसारा उरला. ‘अजस्र’चंही असंच झालंय. संस्कृतात त्याचा अर्थ न थांबणारं. गीतेच्या 16व्या अध्यायात तो ‘सतत’ याच अर्थाने येतो. मराठीत मात्र बंद पडलेलं यंत्रसुद्धा अजस्र असू शकतं!

जुना अर्थ मेला, असंही नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये हवाई दलात हलक्या वजनाचं लढाऊ हेलिकॉप्टर दाखल झालं, त्याचं नाव ‘प्रचंड’. हलकं आणि प्रचंड? मराठी माणसाला गंमत वाटेल, पण उग्र या अर्थी नाव चपखल आहे. नेपाळचे पुष्पकमल दहाल यांचं ‘प्रचंड’ हे नावही त्याच अर्थाचं.

आता हे इतिहास वाचणाऱ्याने का लक्षात ठेवायचं? अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी थांबतच नाही. जुन्या ग्रंथात ‘प्रचंड सेना’ दिसली, तर ती संख्येने मोठी होती की लढायला उग्र होती, हे संदर्भावरून आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता आपण सैन्याचा आकडा मांडायला बसलो, तर रणांगणावर नसलेले हजारो सैनिक आपणच उभे करतो.